जोकरच्या सुरीवर सरकारी शिक्का

दहा वर्षांच्या मुलाचा वाढदिवस. घरात केक, फुगे आणि पैसे देऊन बोलावलेला एक टुकार जोकर. त्याला मुलांचा कंटाळा, मुलांना त्याचा. कुणीतरी गंमत म्हणून त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवतं. जोकर अडखळतो, तोंडावर आपटतो, आणि भांडी धुण्याच्या मशीनमध्ये टोक वर करून ठेवलेली सुरी त्याच्या डोक्यात घुसते. पार्टी तिथेच संपते. सहा वर्षांनी तोच मुलगा सोळाचा होतो, पुन्हा वाढदिवस ठरतो, तीच मित्रमंडळी जमतात, आणि मेलेला जोकर कबरीतून उठून येतो. कारण जोकरांच्या धर्मशास्त्रात म्हणे असं लिहिलंय की ज्याने पार्टी अर्धवट टाकली त्याला मेल्यावरही स्वस्थता नाही.

२०१२ साली आलेल्या ‘स्टिचेस’ या आयरिश सिनेमाची ही गोष्ट. दिग्दर्शक कॉनर मॅकमॅहन. जोकर झालाय रॉस नोबल, इंग्लंडमधला नावाजलेला स्टँड-अप कॉमेडियन, आणि सिनेमात त्याचं हे पहिलंच काम. बजेट बेताचं, लांबी दीड तासाच्याही आत, रक्त मात्र सढळ. आता खरी गंमत. या सिनेमाला पैसा पुरवणाऱ्यांत आयरिश फिल्म बोर्ड होतं. म्हणजे सरकारी संस्था. म्हणजे डब्लिनमधल्या एखाद्या शाळामास्तराच्या आणि कॉर्कमधल्या एखाद्या दूधवाल्याच्या करातला काही अंश पोरांच्या आतड्यांचे फुगे करणाऱ्या जोकरवर खर्च झाला.

असल्या सिनेमाला जनतेचा पैसा द्यावा का? माझं उत्तर, द्यावा. आणि देताना तोंड वाकडं करून देऊ नये.

आधी सिनेमाबद्दल, कारण ज्याची बाजू घ्यायची त्याचं खोटं कौतुक करण्यात अर्थ नाही. ‘स्टिचेस’ काही मोठी कलाकृती नव्हे. मधला भाग रेंगाळतो. पोरांचे संवाद कॉलेजच्या कट्ट्यावर शोभतील इतपतच, आणि काही विनोद नुसतेच पांचट आहेत. पण खून सुरू झाले की सिनेमा शुद्धीवर येतो. जोकर एकालाही नुसती सुरी खुपसून मारत नाही. तो आपल्या धंद्याच्या सामानाने मारतो. छत्री, सशाची जादू, फुगे फुगवायचा पंप, फुग्यांपासून प्राणी वळायची कला. एका पोराची कवटी उघडून तो आईस्क्रीमच्या डावाने आतला माल काढतो, तेव्हा किळस आणि हसू एकाच घशात अडकतं. सहा वर्षांपूर्वी वाढदिवसाला जे खेळ फसले, तेच आता रंगतात. विनोदाचं गणितही हेच असतं. आधी पेरायचं आणि योग्य क्षणी उगवून दाखवायचं. भीतीचंही तेच. दोन्ही गणितं एकाच वहीत सोडवणं दिसतं त्यापेक्षा अवघड काम आहे. क्षणभर उशीर झाला की हसू जातं आणि उरते ती फक्त घाण. हे ज्यांनी नाटकात एकदा तरी एन्ट्री चुकवलीय त्यांना समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. या सिनेमात जोकरांचे चेहरे अंड्यांवर रंगवून जपून ठेवलेले दिसतात, आणि जोकरचा जीव त्या अंड्यात असतो. राक्षसाचा जीव पिंजऱ्यातल्या पोपटात, ही आपल्या आजीच्या गोष्टीतली युक्तीच. पण अंडी दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेली नाहीत. १९४६ साली लंडनमध्ये स्टॅन बल्ट नावाच्या गृहस्थाने जोकरांच्या रंगवलेल्या चेहऱ्यांची अंड्यांवर नोंद ठेवायला सुरुवात केली. एकाचा चेहरा दुसऱ्याने उचलू नये असा जोकरांमध्ये संकेत असतो. अंडं हा त्याचा पुरावा. लंडनच्या डाल्स्टन भागातल्या ज्या चर्चशी ही नोंद जोडली गेली, तिथे ग्रिमाल्डी या एकोणिसाव्या शतकातल्या थोर विदूषकाच्या स्मरणार्थ वर्षानुवर्षं दर फेब्रुवारीत जोकर प्रार्थनेला जमत आले, तेही रंग फासून. कॉपीराइटच्या कचेरीपेक्षा ही व्यवस्था मला जास्त विश्वासार्ह वाटते. मुद्दा असा, की ज्याला आपण ‘थिल्लर’ म्हणून बाजूला सारतो त्या सिनेमाने एका कारागीर जमातीची खरी रीत उचलून तिच्यावर अख्खा शेवट उभा केला आहे.

आता विरोधकांचं म्हणणं. ते मूर्खपणाचं नाही. करदात्याला विचारलं तर तो म्हणेल, दवाखान्यात खाट नाही, शाळेला छप्पर नाही, आणि तुम्ही जोकर कसले पोसताय? सिनेमाला मदत करायचीच तर देशाचं नाव होईल, इतिहास-संस्कृती दिसेल अशाला करा. असला माल बाजार आपणहून बनवतोच, त्याला सरकारची काठी कशाला?

हा वाद आयर्लंडच्या कितीतरी आधी कॅनडात पेटला होता. १९७५ साली डेव्हिड क्रोनेनबर्ग या दिग्दर्शकाचा ‘शिव्हर्स’ आला. एका आलिशान इमारतीत माणसांच्या शरीरात शिरणारे किडे, आणि किडा शिरला की माणसं वासनेने पिसाट. पैसा सरकारी कॅनेडियन फिल्म डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचा. ‘सॅटर्डे नाइट’ या मासिकात रॉबर्ट फुलफर्ड या नामवंत पत्रकाराने टोपणनावाने लेख लिहिला. त्याचं शीर्षक साधारण असं होतं: हा सिनेमा किती वाईट आहे हे तुम्हाला कळायलाच हवं, शेवटी पैसे तुम्हीच दिलेत. प्रकरण संसदेपर्यंत गेलं. क्रोनेनबर्गला त्यानंतर सरकारी पैसा मिळणं अवघड झालं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हाच माणूस कॅनडाच्या सिनेमाचा चेहरा ठरला, आणि त्या देशाने त्याला आपला सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

न्यूझीलंडची गोष्ट तर याहून गोड. पीटर जॅक्सन हा वेलिंग्टनच्या एका वर्तमानपत्रात फोटो एन्ग्रेव्हिंगचं काम करणारा तरुण. शनिवार-रविवार मित्रांना गोळा करून तो चार वर्षं पुकेरुआ बे इथे परग्रहावरच्या नरभक्षकांचा सिनेमा काढत होता. राक्षसांचे मुखवटे तो आईच्या ओव्हनमध्ये भाजून काढायचा. (त्या घरात रविवारी जेवायला काय मिळत असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.) शेवटी तिथल्या सरकारी फिल्म कमिशनने पैसा घातला आणि १९८७ साली ‘बॅड टेस्ट’ पुरा झाला. नावातच कबुली. कमिशनचा प्रमुख जिम बूथ या पोरावर इतका खूश झाला की पुढे नोकरी सोडून त्याचा निर्माता झाला. मग १९९२ चा ‘ब्रेनडेड’, ज्यात नायक गवत कापायच्या यंत्राने मेलेल्यांची गर्दी कापून काढतो. त्यालाही कमिशनचा पैसा. आणि २००४ साली त्याच जॅक्सनच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ला ११ ऑस्कर. ज्या कारागिरांनी त्याच्यासाठी रबरी आतडी केली होती, त्यांच्याच कार्यशाळेतून पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या मालिकेतले बुटके हॉबिट आणि राक्षसी ऑर्क निघाले.

या दोन गोष्टी असल्या वादात हमखास हुकमाच्या पानासारख्या टाकल्या जातात. आज जोकरला पैसे द्या, उद्या तो हत्ती होऊन दाराशी झुलेल. मला हा युक्तिवाद पटत नाही, तो माझ्याच बाजूचा असला तरी. एक तर जॅक्सन हा हजारात एक. उरलेले नऊशे नव्याण्णव कुठे गेले याची यादी कुणी मांडत नाही. दुसरं म्हणजे त्यात एक चोरटा कमीपणा आहे. आम्ही हे घाणेरडं काम सहन करतो ते पुढच्या सोज्वळ कामासाठी, असा त्याचा अर्थ. म्हणजे तमाशाला थारा द्यायचा तो त्यातून उद्या एखादी शास्त्रीय गायिका निघेल म्हणून. असा हिशेब लावला की तमाशाची किंमत तिथेच शून्य झाली. विनोदी भयपट त्याच्या स्वतःच्या गुणांवर चांगला किंवा वाईट ठरला पाहिजे.

आयर्लंडकडे मी वळलो ते म्हणून. सिनेमाच्या बाबतीत या देशाचा इतिहास भलताच सोवळा. १९२३ साली सेन्सॉरचा कायदा आला आणि जेम्स मॉन्टगोमेरी हे पहिले सेन्सॉर झाले. आपल्याला सिनेमातलं काही कळत नाही, पण दहा आज्ञा कळतात, असं ते स्वतःच म्हणत. सरकार म्हणजे कात्री, हेच नातं कित्येक दशकं चाललं. फिल्म बोर्ड आलं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. १९८७ साली काटकसरीच्या नावाखाली ते बंद पडलं, आणि १९९३ साली पुन्हा उभं राहिलं. ते उभं करणारे सांस्कृतिक मंत्री होते मायकेल डी. हिगिन्स. स्वतः कवी, पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष. २०१८ पासून बोर्डाचं नाव ‘स्क्रीन आयर्लंड’ झालं.

या बोर्डाने एक शहाणपणा केला. मोठ्या सिनेमांबरोबर अगदी कमी खर्चाच्या सिनेमांसाठी वेगळी योजना काढली. तिच्यातून निघालेला पहिला सिनेमा मॅकमॅहनचाच होता, २००४ चा ‘डेड मीट’. लिट्रिम परगण्यातल्या शेतांत चालणारी झाँबींची गोष्ट, आणि साथ पसरते ती गायींच्या ‘मॅड काऊ’ रोगातून. युरोपातले शेतकरी खरोखर ज्या रोगाच्या नावाने दचकत होते, तोच रोग घेतला आणि त्याची भुतं केली. गंभीर सिनेमा असता तर त्याने एका उद्ध्वस्त गोठ्यासमोर कॅमेरा लावून दहा मिनिटं पाऊस दाखवला असता. त्यालाही माझी ना नाही. पण रोगाची भीती चेष्टेतून चाटून काढणं ही लोकांची जुनी पद्धत आहे, आणि ती सरकारी यादीतून वगळायचं कारण मला दिसत नाही.

पुढे त्या देशात भयपटाची रीतसर परंपराच तयार झाली. ‘स्टिचेस’च्या मागे असलेली फॅन्टॅस्टिक फिल्म्स ही संस्था ‘व्हिव्हेरियम’च्याही मागे होती, आणि तो २०१९ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात होता. २०२४ साली ॲशलिन क्लार्कने ‘फ्रेवाका’ काढला, तोही आयरिश भाषेत. इंग्रजीच्या वजनाखाली चेपलेल्या भाषेत भुताने बोलणं ही केवढी गोष्ट आहे, हे आपल्याला कुणी सांगायला नको. भाषा फक्त कवितेत आणि राष्ट्रगीतात उरली की समजावं तिचं काही खरं नाही. तिच्यात शिव्या, किंकाळ्या आणि वाह्यात विनोदही व्हायला हवेत.

एक कबुली इथेच देऊन टाकतो, नाहीतर कुणीतरी ती माझ्या तोंडावर फेकेल. ‘स्टिचेस’ स्वतः फारसा आयरिश नाही. नोबल इंग्लंडचा, मुख्य पोराचं काम करणारा टॉमी नाइटही इंग्लंडचा, आणि ते घर पश्चिमेतल्या कुठल्याही उपनगरात खपून जाईल. बाहेर विकला जावा म्हणून केलेली ही तडजोड दिसते. ‘डेड मीट’मधली माती इथे नाही. मी बोर्डावर असतो तर पैसे दिले असते, पण या मुद्द्यावरून भांडलो असतो.

आता आपल्याकडे. महाराष्ट्र सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतं, आणि या योजनेच्या नावातच ‘दर्जेदार’ हा शब्द आहे. सिनेमा आधी काढायचा, प्रदर्शित करायचा, मग समिती तो पाहणार, गुण देणार आणि ‘अ’ किंवा ‘ब’ ठरवणार. ‘अ’ला ४० लाख, ‘ब’ला ३० लाख असे आकडे अनेक वर्षं चालत आले. गुण मिळाले नाहीत तर हात हलवत परत. समितीतले लोक भले असतील, जाणकारही असतील. पण आतडी-फुग्यांचा जोकर समोर आला तर ते ‘दर्जा’ या रकान्यात काय लिहितील? आणि हे त्यांनी लिहिण्याआधीच निर्माता ओळखून असतो. तो मग सामाजिक प्रश्न शोधतो, एखादं गरीब लेकरू शोधतो, शेवटी एक भाषण घालतो. मला सामाजिक सिनेमाचा तिटकारा नाही. तिटकारा आहे तो समितीकडे डोळा ठेवून आणलेल्या कळवळ्याचा. तो पडद्यावर लगेच ओळखू येतो. तेलकट असतो.

आपल्याकडे कधीकाळी याहून मोकळी पद्धत होती. १९७५ च्या सुमारास राज्याने करमणूक करपरताव्याची योजना आणली. मराठी सिनेमावर प्रेक्षकांनी भरलेला कर निर्मात्याला पुढचा मराठी सिनेमा काढण्यासाठी परत. प्रेक्षक जितका आला तितका परतावा. यात सरकारने कुणाच्या अभिरुचीला गुण दिले नाहीत. दादा कोंडक्यांच्या द्व्यर्थी विनोदावर नाकं मुरडणारे पुष्कळ होते, पण परतावा त्या नाकांना विचारून मिळत नव्हता. या पद्धतीतही खोट आहे. ज्याचा सिनेमा चालला त्यालाच पुढचा पैसा, आणि नवख्याला काहीच नाही. शिवाय तिकिटावरचा तो जुना करच आता वस्तू आणि सेवा करात विरून गेला.

विनोद आणि भय यांची सांगड मराठी प्रेक्षकाला परकी आहे असंही म्हणता येणार नाही. १९९३ चा महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ घ्या. कल्पना परदेशी बाहुल्याची, हे उघड आहे. पण रामदास पाध्यांनी हलवलेला तात्या विंचू मराठी घरांत असा काही शिरला की तीस वर्षांनंतरही पोरं त्याचा मंत्र म्हणतात. किती ‘दर्जेदार’ सिनेमांतलं एक तरी वाक्य असं घराघरात टिकलं? लक्ष्मीकांत बेर्डे घाबरतात तेव्हा आपण हसतो आणि त्याच वेळी सोफ्यावर पाय वर घेतो. तो परिणाम साधायला बाहुली घडवणारा लागतो, ती हलवणारा लागतो, आवाज देणारा लागतो, आणि घाबरण्याचा विनोद जाणणारा नट लागतो. ही सगळी कौशल्यं आहेत. पंचवीस वर्षं कुणी वापरली नाहीत तर ती गंजतात, मग अचानक कुणाला भयपट काढायचा झाला की तो स्वस्तातल्या ग्राफिक्सचं भूत आणतो.

आणि राजाश्रयाचाच विषय निघालाय तर जरा मागे जाऊ. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या सांगण्यावरून आणि संस्थानच्या पैशावर. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून अप्पासाहेबांनी तसलंच काही, पण अधिक नेटकं, मराठीत करायला सांगितलं होतं. म्हणजे दर्जाची अट तेव्हाही होतीच. पण त्या नेटक्या खेळात काय होतं? सूत्रधाराच्या पाठोपाठ उड्या मारत येणारा विदूषक, आणि तोंड रंगवून, तलवारी परजत ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकणारे राक्षस. पुढच्या पिढीतल्या सुशिक्षितांनी त्या आरोळीची यथेच्छ टिंगल केली. पण मराठी रंगभूमीच्या पहिल्या पानावर राजाच्या पैशाने नाचणारा विदूषक आणि किंचाळणारा राक्षस आहे, हे काही पुसता येत नाही. १८५१ साली अप्पासाहेब गेले, संस्थानचा आधार सुटला, आणि भाव्यांना खेळ घेऊन गावोगाव, मुंबईपर्यंत जावं लागलं. ते तिकिटावर जगले, कारण सुरुवातीला कुणीतरी आधार देऊन खेळ बसवू दिला होता.

म्हणून मला पैसा आधी हवा आहे, नंतर नको. सिनेमा पुरा झाल्यावर मिळणारं अनुदान ज्याच्याकडे मुळात पैसा आहे त्याच्याच कामाचं. आणि पैसा थोडा, पण अनेकांना. एकाला ४० लाख देण्यापेक्षा चार नवख्यांना दहा-दहा द्यावेत, संहिता आणि खर्चाचा आराखडा पाहून. समितीने विचारावं की रक्ताचा प्रसंग कसा चित्रित करणार, सेटवरच्या पोरांची आणि स्टंट करणाऱ्यांची काळजी कोण घेणार, हिशेब कसा देणार. हा सिनेमा आपल्या घरी चालेल का, हे विचारू नये. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र देणारं मंडळ वेगळं आहे, त्याचं काम त्याला करू द्यावं. सिनेमा चालला तर पैसा परत घ्यावा आणि पुढच्याला द्यावा. बुडाला तर बुडाला. ‘दर्जेदार’ सिनेमेही काही कमी बुडालेले नाहीत, फक्त ते बुडताना आपण टोपी काढतो.

राहिला दवाखान्याच्या खाटेचा प्रश्न. हा प्रश्न साहित्य संमेलनाला, नाट्यगृहाच्या दुरुस्तीला, शासकीय पुरस्काराच्या शालीला कधीच विचारला जात नाही. तो फक्त जोकरला विचारतात. संस्कृतीवर पैसा खर्च करायचाच नाही असं कुणाचं म्हणणं असेल तर त्याच्याशी निदान सरळ भांडता येतं. पण खर्च करायचा, आणि तो आपल्याला शोभेल अशाच करमणुकीवर, हे म्हणणं खाटेबद्दल नसतंच.

कॉनर मॅकमॅहनचं पुढे काय झालं? त्याला कुणी हॉबिट दिले नाहीत, ऑस्करही नाही. ‘स्टिचेस’नंतर त्याने २०१४ साली आणखी एक छोटा भयपट काढला, आणि २०२१ साली डब्लिनमध्ये पुन्हा एक विनोदी रक्तपट. या खेपेला थोरला भाऊ रक्तपिपासू होऊन घरी येतो, आणि धाकट्याला प्रश्न पडतो की आता याचं करायचं काय.